डिफरन्शियल आणि गिअर ऑईल : बेळगाव भागातल्या वेगवान गाड्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गिअर कापण्याच्या मशीनवर मी अठरा वर्षं काढली. दात कसा कापतात, कसा कठीण करतात आणि तो कसा मोडतो, हे तिथंच शिकलो. गाड्यांचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. म्हणून खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडची पोरं फोन करून विचारत असतात : दादा, मागं कुठलं ऑईल घालू? कधी बदलू? हा आवाज कसला? त्यांना दिलेली उत्तरं इथं एका जागी लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगतो. मी उघडून बघितलेल्या बिघडलेल्या डिफरन्शियलांपैकी चुकीच्या ब्रँडमुळे गेलेलं एकही आठवत नाही. कुठं ऑईल कमी होतं, कुठं त्यात पाणी होतं, कुठं चुकीच्या जातीचं होतं.

डिफरन्शियलला वेगळं ऑईल का लागतं? इंजिन ऑईल चालणार नाही का?

बैलगाडीचं प्रत्येक चाक आपापल्या आसावर मोकळं फिरतं, त्यामुळे वळणावर तिला अडचण येत नाही. मोटारीत दोन्ही चाकांना इंजिनाची ताकद पोचवायची असते, आणि तरी चोर्ला घाटाच्या वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. ताकद दोघांना द्यायची पण वेग वेगळा होऊ द्यायचा, हे काम डिफरन्शियल करतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याच्या जोडीला क्राऊन (मोठं दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) असतात. ते लांबीतून आलेलं फिरणं काटकोनात वळवून चाकांकडे देतात.

या क्राऊन-पिनियनचा प्रकार हायपॉइड. पिनियनचा मध्य क्राऊनच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा खाली असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, ते घासत सरकतात, आणि तेही प्रचंड दाबाखाली. साध्या तेलाचा थर तिथं टिकत नाही, पिळून बाहेर निघतो. म्हणून गिअर ऑईलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घालतात. दात जिथं तापतो तिथं ती लोखंडाशी संयोग करून एक बारीक थर धरतात, आणि घासला जातो तो थर. पोलाद वाचतं. गिअर ऑईलचा जो उग्र वास हाताला दोन दिवस राहतो, तो या गंधकाचाच. इंजिन ऑईलमध्ये ही तयारी नसते. हायपॉइड डिफरन्शियलात ते घातलं तर दात लवकरच ओरबाडले जातात.

जीएल-४ आणि जीएल-५ मध्ये फरक काय? पाच म्हणजे चारपेक्षा चांगलं ना?

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेनं गिअर ऑईलच्या प्रकारांना दिलेले हे आकडे शाळेच्या इयत्तांसारखे नाहीत, पाचवी झाली म्हणून चौथी त्यात आली असं होत नाही. जीएल-५ हायपॉइड गिअरसाठी आहे, दाब सोसणारी द्रव्यं त्यात भरपूर असतात. जीएल-४ मध्ये ती कमी असतात आणि ते मुख्यतः मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी असतं.

गिअरबॉक्समध्ये पितळेच्या सिंक्रो रिंगा असतात. गिअर पडताना त्या घासून दोन गिअरांचा वेग एक करतात. जीएल-५ मधलं गंधक तापल्यावर तांब्या-पितळेला खातं. शिवाय त्याचा थर सिंक्रोला हवं तेवढं घर्षण मिळू देत नाही. मग गिअर अडतो, दुसऱ्यात टाकताना करकरतो. उलट बाजूनं, हायपॉइड डिफरन्शियलात जीएल-४ घातलं तर दातांना पुरेसं संरक्षण मिळत नाही. काही चांगली ऑईलं दोन्हींसाठी चालतात असं डब्यावर लिहिलेलं असतं. तरी गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच आधी बघा. डब्यावर एसएई जे२३६० (मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचं एक प्रमाण) असं दिसलं तर ते ऑईल जीएल-५ पेक्षा कडक चाचण्यांमधून गेलंय असं समजा.

७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९०, ७५डब्ल्यू-१४० : आपल्या हवामानात कुठलं?

आधी आकडे समजून घ्या. गिअर ऑईलचे आकडे इंजिन ऑईलच्या मापाचे नाहीत. गिअर ऑईलचं ९० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक्स (तेलाची जाडी मोजायचं माप), म्हणजे इंजिन ऑईलच्या ४० ते ५० च्या आसपासचीच जाडी. त्यामुळे '९० म्हणजे फारच जाड' असं नसतं. १४० मात्र खरंच जाड, २४ ते ३२.५.

डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ७५डब्ल्यू उणे ४० अंशांपर्यंत आणि ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत हलण्याजोगं राहावं असं प्रमाण आहे. बेळगावात डिसेंबरच्या पहाटे कितीही गारठा पडला तरी उणे २६ चा प्रश्न येत नाही. मग ७५डब्ल्यूसाठी जास्त पैसे कशाला? थंडीसाठी नव्हेच. ७५डब्ल्यू-९० बहुतेक वेळा सिंथेटिक असतं, आणि सिंथेटिक तेल उष्णतेत लवकर सडत नाही, त्याची जाडी चिरडून पातळ होत नाही. आपल्याला त्याच गुणाचे पैसे द्यायचे असतात.

रोजची गाडी, कधीमधी गोवा, कोल्हापूर : कंपनीनं ८०डब्ल्यू-९० सांगितलं असेल तर चांगलं ८०डब्ल्यू-९० पुरतं. गाडी जोरात चालते, आंबोली-चोर्ला जास्त होतं, ट्यूनिंग केलंय, तर सिंथेटिक ७५डब्ल्यू-९०. १४० कडे कुणी जायचं? ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यानं, जड क्लच-प्लेटचं एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, त्याचं पुढं सांगतो) बसवलेल्यानं, किंवा ज्याला कंपनीनंच सांगितलंय त्यानं. कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेसारख्या छोट्या ट्रॅकवर सारखी वळणं, सारखा वेग-ब्रेक, आणि डिफरन्शियलला गार व्हायला सरळ रस्ताच मिळत नाही. तिथं १४० ला अर्थ आहे.

बाकीच्यांनी 'जाड तेवढं भारी' म्हणून १४० घालू नका. जाड तेल घुसळण्यात ताकद खर्च होते आणि त्या घुसळण्यानंच ते जास्त तापतं. सकाळी गाडी काढल्या काढल्या ते पिनियनच्या पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. हे बेअरिंग लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

माझी हॅचबॅक पुढच्या चाकांवर चालते. डिफरन्शियल ऑईल कुठून घालायचं?

वेगळं घालायचं नसतं. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं आणि त्याच ऑईलवर चालतं. फायनल ड्राईव्ह, म्हणजे चाकांकडे ताकद देणारी शेवटची गिअरजोडी, हीही हायपॉइड नसते, साधे तिरके दात असतात. म्हणून मॅन्युअलला तिथं बहुतेक वेळा जीएल-४ सांगतात. 'डिफरन्शियल आहे म्हणजे जीएल-५' असं म्हणून कुणी ओतायला लागलं तर हात धरा.

ऑटोमॅटिक आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्सांची ऑईलं पूर्णपणे वेगळी, तिथं कंपनीच्या नंबरशिवाय काहीही घालायचं नाही. ऑक्टाव्हिया आरएस २४५ सारख्या गाडीत पुढं इलेक्ट्रॉनिक लॉकिंग डिफरन्शियल आहे. त्याच्या क्लचला स्वतःचं ऑईल असतं, गिअरबॉक्सचं वेगळं. चार चाकांवर चालणाऱ्या हाल्डेक्स गाड्यांमध्येही मागचं कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच) एका ऑईलवर आणि त्याला चिकटूनच असलेलं डिफरन्शियल दुसऱ्या ऑईलवर. दोन प्लग शेजारी-शेजारी असतात, गल्लत होते. खडूनं खूण करून मगच उघडा.

एलएसडी असेल तर काय बदलतं? आणि ते आहे की नाही हे कसं ओळखायचं?

साध्या उघड्या डिफरन्शियलात एक चाक चिखलात फिरलं की दुसऱ्याला जोर मिळत नाही. एलएसडी दुसऱ्या चाकालाही काही जोर पोचवतं. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, गाडी स्टँडवर पक्की. एक चाक हातानं फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधं. दोन्ही एकाच दिशेला फिरली किंवा चाक हलायलाच जोर लागला तर क्लच-प्लेटचं एलएसडी असण्याची शक्यता जास्त. टोर्सनसारखं गिअरांवर चालणारं एलएसडी या चाचणीत साध्यासारखंच वागू शकतं, म्हणून शेवटचा शब्द पुस्तकाचा.

क्लच-प्लेटच्या एलएसडीला ऑईलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायर लागतं. नसलं तर सावकाश वळताना मागून थरथर आणि गुरगुर येते, प्लेटा चिकटून सुटतात त्याची. काही ऑईलांत ते आधीच असतं. रेडलाईनचं ७५डब्ल्यू-९० आणि ७५डब्ल्यू-९०एनएस ही दोन वेगळी ऑईलं आहेत, एनएसमध्ये मॉडिफायर नाही. मोटुलचं गिअर कॉम्पिटिशन ७५डब्ल्यू-१४० एलएसडीसाठीच बनवलेलं आहे. आधीच मॉडिफायर असलेल्या ऑईलमध्ये वरून आणखी बाटली ओतू नका. जास्त झालं की प्लेटा घसरायला लागतात आणि महागाचं एलएसडी उघड्या डिफरन्शियलासारखं वागतं. टोर्सनला सहसा मॉडिफायर लागत नाही.

ऑईल बदलल्यावर मोकळ्या मैदानात, पहाटे, अगदी सावकाश इंग्रजी आठच्या आकड्यात दहा-बारा फेऱ्या मारा. नवं तेल प्लेटांच्या मधे शिरतं. पहिल्या दोन फेऱ्यांत होणारी थरथर पुढं निवळत जाते. बाराव्या फेरीलाही तेवढीच राहिली तर मॉडिफायर कमी आहे.

फोर्स गुरखाचं पुढचं-मागचं लॉक हा वेगळा प्रकार. ते पूर्ण लॉक आहे, चिखलासाठी. लावून डांबरी रस्त्यावर वळलात तर सगळा ताण एक्सल आणि गिअरांवर जातो.

गाडी रिमॅप केली आहे. डिफरन्शियलला धोका आहे का?

रिमॅप म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवणं. हिशेब करून बघा. समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २५० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.८, फायनल ड्राईव्ह ४.१. गुणाकार केला की क्राऊनवर जवळपास ३,९०० न्यूटन-मीटर येतात. रिमॅपनं टॉर्क ३३० झाला तर तोच आकडा ५,१०० च्या वर. इंजिनात वाढलेले ८० न्यूटन-मीटर मागं पोचेपर्यंत बाराशेच्या वर जातात.

तरीही सरळ रस्त्यावर हळूहळू दाबलेल्या ॲक्सिलरेटरनं सहसा काही मोडत नाही. मोडतं ते झटक्यानं. पाच हजार आरपीएमवर क्लच एकदम सोडणं, चाक ओल्या पट्ट्यावर फिरत असताना कोरड्या डांबरावर पकडणं, खड्ड्यातून चाक हवेत फिरून परत आपटणं. उघड्या डिफरन्शियलात एकच चाक जोरात फिरत राहिलं तर आतले छोटे गिअर त्यांच्या पिनवर भयानक वेगानं फिरतात. एरवी वळणावरच जेमतेम फिरणारे ते. त्या पिनला तेल कमी मिळतं, ती तापते, जाम होते, मोडते, आणि तुकडा केसिंग फोडून बाहेर येतो. टायर जाळण्याच्या रीलसाठी एका चाकावर धूर काढणाऱ्या प्रत्येक पोराला मला हे समोर बसवून सांगावंसं वाटतं.

तुमचं स्वतःचं डिफरन्शियल कधी गेलंय का?

गेलंय. मागच्या चाकांवर चालणारी जुनी पेट्रोल सेडान, सेकंडहँड घेतलेली. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी गोव्याला जाणं-येणं होतं. खानापूर भागाचा लाल चिखल गाडीच्या पोटाला असा लिंपलेला असायचा की खाली काय गळतंय हे दिसायचंच नाही. एका परतीच्या वेळी, घाट चढून कणकुंबी मागं टाकल्यावर, भुंग्यासारखा आवाज सुरू झाला. ताशी ६५ ते ७५ किलोमीटरच्या दरम्यान. पाय उचलला की विरायचा, दाबला की परत. मला वाटलं टायरचा आहे. तसाच तीन आठवडे चालवत राहिलो.

मग एका रविवारी खाली शिरलो, डिफरन्शियलचा फिलर प्लग (तेल भरायच्या भोकाचं बूच) उघडला आणि करंगळी आत घालून वाकवली. काहीच लागलं नाही. ड्रेन प्लगमधून अर्धा पेला जेमतेम निघालं. जळालेल्या गुळाच्या पाकासारखं काळं, वास जळका. क्राऊनचे दात निळे-जांभळे पडलेले, म्हणजे पोलाद इतकं तापलं होतं की त्याचा कठीणपणाच उतरायला लागला होता. दातावरून नख फिरवलं तर करवतीवरून फिरवल्यासारखं अडायचं. उद्यमबागेत हजारो दात हाताखालून गेलेत, तो गुळगुळीत चकचकीत पृष्ठभाग मला झोपेतही ओळखता येतो. हा तो नव्हता.

दोन महिन्यांआधी एका गॅरेजात सर्व्हिसिंग झालं होतं. कागदावर डिफरन्शियल ऑईल तपासल्याची खूण होती. प्लगच्या कडेवरचा जुना रंग मात्र अखंड होता, पाना लागलेलाच नव्हता. त्या दिवसापासून मी कागदावरच्या खुणेवर गाडी चालवत नाही.

खरं कारण सापडलं ते दुसऱ्या मेस्त्रीला. पिनियनचं ऑईल सील कडक झालं होतं, आणि एवढंच असतं तर थोडं झिरपलं असतं. वरचा ब्रीदर, म्हणजे हवा ये-जा करायचं बारीक तोंड, लाल चिखलानं पक्का बुजला होता. डिफरन्शियल तापलं की आतली हवा फुगते. तिला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही की ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. तो म्हणाला, "सील बदलतो की, खरं आधी ह्याचं नाक मोकळं करा. नाहीतर नवं सीलबी गळणारच."

आणि आता ते पुढचं बेअरिंग. पिनियनचं पुढचं बेअरिंग क्राऊनपासून सगळ्यात लांब. क्राऊन फिरताना जे तेल उडवतं त्यातलंच थोडं त्याला मिळतं. घाट चढताना गाडीचं नाक वर होतं, तेल मागं सरकतं. पातळी बरोबर असेल तर तरीही पोचतं. थोडी जरी कमी असेल तर पूर्ण चढणीभर ते बेअरिंग कोरडं चालतं. माझं तसंच गेलं. बहुतेक मोटारींच्या डिफरन्शियलात लिटरभराच्या आसपासच ऑईल असतं, त्यातलं पावशेर गेलं तरी घाटात फरक पडतो.

आवाज येतोय. डिफरन्शियल आहे की टायर की बेअरिंग?

महामार्गाच्या मोकळ्या पट्ट्यावर, शेजारी कुणाला तरी ऐकायला बसवून बघा. रस्त्याचा पोत बदलला की आवाज बदलतो, पण ॲक्सिलरेटरनं बदलत नाही : टायर. डावीकडे-उजवीकडे गाडी हलकेच झुलवली की वाढतो-कमी होतो : चाकाचं बेअरिंग. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गुणगुण येते, सोडल्यावर जाते किंवा सूर बदलतो : क्राऊन-पिनियन.

दाबताना येणारा आणि सोडताना येणारा, हे दोन आवाज वेगळे लिहून ठेवा, मेस्त्रीला ते सोनं आहे. दातांची एक बाजू ताकद ओढताना काम करते, दुसरी इंजिन ब्रेकिंगला. चोर्ला उतरताना, पाय पूर्ण सोडलेला असताना, आवाज येत असेल तर उलट बाजूचे दात किंवा सैल झालेलं पिनियन बेअरिंग बघायला हवं, कारण तेव्हा पिनियनवरचा लांबीच्या दिशेचा जोर उलटतो आणि सैल असेल तर ते पुढं-मागं सरकतं. गाडी सुटताना आणि गिअर बदलताना एकच 'टक्' : आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागं ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस बघा, मग बॅकलॅश, म्हणजे दोन दातांमधली मोकळीक.

कुणी 'नट थोडा आवळतो, आवाज जाईल' म्हणालं तर नको म्हणा. बऱ्याच गाड्यांत पिनियनच्या नटामागं दबणारी स्लीव्ह असते. ती एकदा ठरलेल्या मापानं दबली की झालं. वर आवळलं तर बेअरिंगवर नको इतका दाब येतो आणि तेही जातं.

पाण्यातून गाडी काढली. ऑईल बदलायलाच हवं का?

पाणी हबच्या (चाकाच्या मध्याच्या) वर होतं तर माझं उत्तर होय. आपल्याकडे हा प्रश्न दर वर्षी येतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये वेदगंगेच्या पुरानं निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच बंद पडला होता. आडवाटेनं, शेतातल्या पुलांवरून गाड्या काढणारे तेव्हा खूप जण होते.

घडतं असं. गाडी चालून डिफरन्शियल गरम झालेलं. ते एकदम गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या कडेनं, पाणी आत ओढलं जातं. वरून काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी गाडी व्यवस्थित चालते, महिन्यानं बेअरिंग गंजायला लागतं.

प्लग उघडून थोडं तेल काचेच्या ग्लासात घ्या. कॉफीत दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी आहेच, थांबू नका. शंका असेल तर तव्याची परीक्षा : घराच्या वापरातला नव्हे, जुना तवा, बाहेर उघड्यावर तापवा, डोळ्यांना चष्मा लावा आणि लांबून एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे, शांतपणे पसरला तर नाही. पाणी निघालं तर एकदा बदलून, पन्नास-साठ किलोमीटर सावकाश चालवून, परत एकदा बदला. पहिल्यात सगळं पाणी निघत नाही. खानापूर-लोंढ्याकडे नेहमी पाण्या-चिखलातून जाणाऱ्यांनी ब्रीदरला नळी जोडून ती उंचावर आणून ठेवावी. शंभर-दोनशे रुपयांचं काम.

पातळी घरी तपासता येते का?

येते, आणि प्रत्येकाला यायला हवी. गाडी सपाट जागी, चारही बाजूंनी सारखी. आधी फिलर प्लग उघडा, मग ड्रेन. हा क्रम मोडू नका. ड्रेन उघडून तेल सांडलं आणि मग फिलरचा प्लग गंजून निघेचना, अशी गाडी टोइंगनं न्यायला लागते. बऱ्याच गाड्यांत तेल फिलर होलच्या खालच्या कडेपर्यंत असायला हवं. काहींत पातळी त्याहून खाली ठरलेली असते, तिथं पुस्तकातल्या मापानं मोजून घाला. जास्त भरलं तर घुसळून फेस होतो, तापतं, आणि ब्रीदरमधून बाहेर येतं.

ड्रेन प्लगचा लोहचुंबक निरखून बघा. करड्या रंगाचा मऊ लेप म्हणजे नेहमीची झीज, पुसा आणि लावा. बोटात चुरल्यावर टोचणारे कपचे, चमकणारे पापुद्रे, दाताचा तुकडा : गाडी चालवू नका. प्लगचा वॉशर नवा घ्या.

कंपनी म्हणते ऑईल 'लाईफटाईम' आहे. मग कशाला बदलायचं?

कुणाचं आयुष्य, हे विचारायला हवं. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिल्या २,००० किलोमीटरला डिफरन्शियल ऑईल बदलायला सांगतात, कारण नवे दात एकमेकांत बसताना जी भुकटी निघते ती त्या पहिल्या तेलात असते. हे शहाणपण साध्या गाडीलाही लागू आहे. माझा हिशेब असा : शांत चालणारी गाडी ५०-६० हजार किलोमीटर. घाट, जोर, रिमॅप : ३० हजार. क्लच-प्लेटचं एलएसडी : १५ ते २० हजार, कारण प्लेटांची झीज त्याच तेलात राहते. ट्रॅकवर नेता तर दोन-तीन ट्रॅक दिवसांनंतर. पुस्तकात याहून लवकर लिहिलं असेल तर पुस्तक.

क्राऊन-पिनियन बदललं. आता काय काळजी घ्यायची?

क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडी म्हणून तयार होतात, दोघांवर एकच नंबर असतो. वेगवेगळ्या जोड्यांचे घेऊन बसवलेले मी बघितलेत, ते पहिल्या दिवसापासून रडतात. मेस्त्रीला दातांवर रंग लावून खूण घ्यायला सांगा आणि स्वतः उभं राहून बघा. ठसा दाताच्या मधे यायला हवा, टोकाला किंवा मुळाशी नको. मी एकदा असाच बघत उभा होतो, मेस्त्री कन्नड, पोरगा मराठी. एक 'हल्लु' म्हणतोय, दुसरा 'दात', आणि दोघंही टॉर्च धरून त्याच एका ठशाकडे बघतायत. तो ठसा पटेपर्यंत त्यांनी तीनदा शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) बदलली. बिल थोडं वाढलं, मी आनंदानं दिलं.

पहिल्या दिवशी वीस-पंचवीस किलोमीटर सावकाश, मग पूर्ण गार होऊ द्या. असं दोन-तीनदा. पहिले ८०० किलोमीटर जोर नको, ओझं नको, आणि मग ऑईल बदला. नव्या दातांवरचे बारीक उंचवटे गरम होत होत सपाट होतात. पहिल्याच दिवशी आंबोलीला नेलंत तर सपाट व्हायच्या आधीच ते जळतात.

एका एक्सलवर दोन वेगळे टायर चालतील का?

नकोत. एक नवा, एक गुळगुळीत असं असेल तर घेर वेगळा होतो आणि सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल सतत फिरत राहतं. एलएसडीच्या प्लेटा अशानं लवकर झिजतात. बारीक स्टेपनी एलएसडी असलेल्या एक्सलवर लावायची नाही. पंक्चर मागचं असेल तर पुढचं चांगलं चाक मागं न्या, स्टेपनी पुढं.

बॅरलमधलं सुटं 'नव्वद नंबर' स्वस्त मिळतं. घालू का?

ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दुकानात ते मिळतं आणि त्या कामाला ते ठीकही असेल. पण बॅरलमध्ये जीएल-४ आहे की जीएल-५, नवं आहे की उरलेलं एकत्र केलेलं, हे तुम्हाला कळणार नाही. लिटरभराचा प्रश्न आहे. बंद डबा घ्या, सील आणि बॅच नंबर बघा, अधिकृत विक्रेत्याकडून पावती घ्या, आणि रिकामा डबा फोडून टाका, नाहीतर तो परत भरून विकला जातो.

वरून घालायची 'ट्रीटमेंट' बाटली?

एलएसडीचा मॉडिफायर सोडून काहीही नको. ऑईलमधलं मिश्रण मोजून ठरवलेलं असतं. बाटलीनं दाबलेला आवाज थोड्या दिवसांनी दुप्पट होऊन येतो.

जुनं ऑईल कुठं टाकायचं?

गटारात नाही, शेताच्या बांधावर नाही, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायलाही नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार वापरलेलं तेल नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवं. डब्यात गोळा करून, झाकण लावून, त्यांना देणाऱ्या गॅरेजात पोचवा. दोनचार वेळचं साठलं की एकदम नेता येतं. मी ते जुन्या पाच लिटरच्या डब्यात ठेवतो आणि बाहेर लाल रंगानं 'वापरलेलं' लिहितो, कारण एकदा घरच्यांनी ते दाराच्या बिजागरीला लावायला घेतलं होतं.